टॉप मॉडेल घ्यायचं कोणासाठी, डॉक्टरसाहेब?

वाचकाचं पत्र, थोडं आवरून:

"काका, मी भूलतज्ज्ञ आहे, नागपुरात प्रतापनगरला राहतो. आठवड्यातून दोनदा अमरावती आणि एकदा वर्धा असं ऑपरेशनसाठी जाणं असतं. परत येताना बहुतेक वेळा रात्र होते. दहा वर्षं एकच डिझेल सेडान चालवली, आता बदलायची आहे. एसयूव्ही नको, मला खाली बसून चालवायचीच सवय आहे. मनात बीवायडी कंपनीची सील ही इलेक्ट्रिक सेडान भरली आहे. डायनॅमिक ४१ लाख, प्रीमियम ४५.७० लाख, परफॉर्मन्स ५३.१५ लाख, हे एक्स-शोरूम भाव. ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद, फक्त परफॉर्मन्सला मिळतो. पावसाळ्यात रात्रीचा प्रवास असल्यामुळे तीच घ्यावी असं वाटतं. बजेट सगळं धरून ५५ लाख. बर्मिंगहॅमचा मेहुणा म्हणतो की तिकडे वरच्या दोन मॉडेलांत फक्त ३००० पौंडांचा फरक आहे, इकडे तुम्हाला लुबाडतात. की थोडे पैसे घालून सरळ जर्मन गाडी घेऊ? घरात आम्ही दोघं, आई आणि मुलगा. (मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्याला तर टॉपशिवाय दुसरं काही दिसतच नाही.)"

डॉक्टरसाहेब, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकडे वाचले, दुसऱ्यांदा कंस वाचला. कंसाकडे मागाहून येतो, आधी आकडे संपवू.

शोरूममधला पोरगा ही तीन मॉडेलं जिन्याच्या पायऱ्यांसारखी दाखवतो. खाली डायनॅमिक, मग प्रीमियम, वर परफॉर्मन्स, आणि आपण आपलं एकेक पायरी चढत जातो. पण या जिन्यात गंमत आहे. पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाताना तुम्ही बॅटरी विकत घेता. दुसरीवरून तिसरीवर जाताना पुढच्या चाकांची मोटर विकत घेता. या दोन खरेद्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, म्हणून त्यांचा विचारही वेगवेगळा करायचा.

बॅटरीचं आधी बघू. डायनॅमिकमध्ये ६१.४४ युनिटची बॅटरी आहे, प्रीमियम आणि परफॉर्मन्समध्ये ८२.५६ युनिटची. युनिट म्हणजे तेच, घरच्या मीटरवरचं. कंपनीच्या कागदावर डायनॅमिक ५१० किलोमीटर जाते, प्रीमियम ६५० आणि परफॉर्मन्स ५८०. हे आकडे एनईडीसी नावाच्या जुन्या चाचणीतले आहेत. तुमच्या मेहुण्याला विचारा, त्याच्याकडे याच मोठ्या बॅटरीच्या गाड्यांना ५७० आणि ५२० लिहिलेलं सापडेल, कारण तिकडे डब्ल्यूएलटीपी नावाची कडक चाचणी चालते. गाडी तीच, परीक्षक बदलला की गुण बदलतात. आपल्याकडे मे महिन्यात एसी चालू ठेवून ताशी शंभर-एकशेदहाने गेलात तर शंभर किलोमीटरला १८ युनिट जातील असं मी धरतो. परफॉर्मन्सला २० धरा, कारण तिचं वजन २१८५ किलो आहे, प्रीमियमपेक्षा १३० किलो जास्त. म्हणजे दोन दणकट माणसं कायमची गाडीत बसवून फिरायचं.

आता अमरावती. जाऊन-येऊन ३१० किलोमीटर धरू. डायनॅमिक हिशेबाने ३४० जाते. म्हणजे मोझरी-तिवसा करत परत येताना बाजारगावच्या अलीकडेच तुमचं लक्ष रस्त्यावरून उडून पडद्यावरच्या टक्क्यांवर जाणार. रात्री अकरा वाजता, चार ऑपरेशनं झाल्यावर, हा ताप कशाला? अमरावतीच्या हॉस्पिटलात चार्जिंगची हमी असेल तर गोष्ट वेगळी. प्रीमियम ४५० च्या आसपास जाते. घरी येऊन सकाळी वर्ध्याला जाण्यापुरतीही वीज उरते, रात्री प्लग लावायला विसरलात तरी. परफॉर्मन्स ४१० जाते, तीही पुरते. मोठ्या बॅटरीच्या दोन्ही गाड्या जलद चार्जरवर १५० किलोवॅटपर्यंत वीज घेतात, डायनॅमिक ११० पर्यंत. तेव्हा पहिले ४ लाख ७० हजार तुमच्यासाठी वसूल आहेत, त्यावर मला वाद घालायचा नाही. डायनॅमिक ही धरमपेठ ते सदर फिरणाऱ्यांची गाडी. चांगली आहे, पण तुमची नव्हे.

आता तुमचा खरा प्रश्न. पाऊस, रात्र आणि चारही चाकांना ताकद.

मी एकतीस वर्षं विमा सर्वेक्षक होतो. ठोकलेल्या गाड्या बघणं हेच माझं काम. पावसाळ्यातल्या जेवढ्या गाड्या माझ्यासमोर क्रेनने आणून टाकल्या, त्यातली एकही 'पुढे जाता आलं नाही' म्हणून आलेली नव्हती. सगळ्या थांबता आलं नाही म्हणून आल्या, किंवा वळणावर धरून राहता आलं नाही म्हणून. आणि ब्रेक, बाप्पा, चारही चाकांना सगळ्याच गाड्यांत असतात. तुमच्या दहा वर्षं जुन्या डिझेलमध्येसुद्धा. ऑल व्हील ड्राइव्ह तुम्हाला वेग वाढवताना मदत करतो. वेग कमी करताना तो तुमच्या काही कामाचा नाही, उलट १३० किलो जास्त थांबवायचे आहेत. रस्त्यावर पाण्याचा थर असला की टायर त्यावर तरंगतो, तेव्हा मोटर पुढे आहे की मागे याला कोणी विचारत नाही. तिथे टायरची नक्षी किती खोल उरली आहे तेवढंच चालतं. कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत चालवू देतो. तुम्ही ३ मिलिमीटर उरले की बदला. चार टायर बदलूनही परफॉर्मन्सच्या जादा सात लाखांतले बरेच उरतात.

मग हे ऑल व्हील ड्राइव्ह काहीच कामाचं नाही का? तसं नाही. पेट्रोल गाडीत एका इंजिनाची ताकद दांड्याने पुढे-मागे वाटतात. इथे दांडा नाहीच. मागे २३० किलोवॅटची मोटर आहे, पुढे १६० किलोवॅटची वेगळी, आणि कोणाला किती ताकद द्यायची ते संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवतो. चिखलदऱ्याच्या घाटात ओल्या वळणातून बाहेर पडताना पाय दाबलात तर गाडी रुळावरून गेल्यासारखी जाते. ६७० न्यूटन-मीटर टॉर्क नुसत्या मागच्या दोन चाकांना दिला असता तर ती बिचारी फिरतच राहिली असती. म्हणजे या गाडीत पुढची मोटर पावसासाठी बसवलेली नाही, ३.८ सेकंदांत शंभर गाठण्यासाठी बसवली आहे. डिकीच्या झाकणावर तसा बिल्लाच असतो, '३.८ एस'. तुमच्या चिरंजीवांनी त्याचा फोटो एव्हाना मित्रांना पाठवला असेल.

प्रीमियम ३१३ अश्वशक्तीची आहे, मागच्या चाकांवर चालते आणि ५.९ सेकंदांत शंभर गाठते. फरक दोन सेकंदांचा. शंकरनगर चौकात सिग्नल सुटल्यावर हे दोन सेकंद मिळवून पुढच्या सिग्नलला तुम्ही त्याच ऑटोच्या शेजारी उभे राहाल. शिवाय मागचं चाक घसरायला लागलं की गाडी स्वतःच ताकद आवरते, ती सोय तिच्यातही आहेच. आणि काळ्या मातीच्या पांदणीत जायचा विचार असेल तर तो परफॉर्मन्स घेऊनही करू नका. आधी पोट टेकेल, मग चाकांची पाळी येईल.

पोटावरून आठवलं, आणि हा मुद्दा मला अश्वशक्तीपेक्षा मोठा वाटतो. या गाडीत बॅटरीचा पेटारा हाच गाडीचा तळ आहे, त्याचं झाकण म्हणजे तुमच्या पायाखालची फरशी. त्यामुळे गाडी भक्कम होते. गाड्या आदळून तपासणाऱ्या युरो एनसीएपी या संस्थेने २०२३ साली तिला पाच तारे दिले, ते काही उगाच नाही. पण खालून लागलेला मार तुमच्या जुन्या गाडीत सायलेन्सरला लागायचा, इथे तो गाडीतल्या सगळ्यात महाग वस्तूच्या शेजारी लागतो. गाडी जमिनीपासून साडेचौदा सेंटिमीटर उंच. आपल्या नागपूरचे सिमेंट रस्ते तुम्हाला माहीतच आहेत. दर वेळी रस्ता वीतभर वर येतो, घरं तिथंच राहतात, आणि फाटकापुढे एक उतार तयार होतो. त्यात कॉलनीतले गतिरोधक, ज्याने त्याने आपल्या घरापुढे बांधून घेतलेले.

माझ्या स्वतःच्या सेडानचं पोट आमच्या सोसायटीच्या रॅम्पवर घासायचं. कुठे घासतं ते कळेना. शेवटी घरातल्या रांगोळीच्या डब्यातून मूठभर रांगोळी घेतली, रॅम्पच्या काठावर जाड पट्टा ओढला आणि चार माणसं बसवून गाडी वर घेतली. मग सतरंजी टाकून खाली डोकं घातलं. ड्रायव्हरच्या सीटखाली, जरा मागे, हातभर लांब पांढरी रेघ. शेजारच्या वहिनींनी वरून विचारलंही, "काऊन जी, आज गाडीपुढं रांगोळी?" पण उत्तर मिळालं. गाडी सरळ न नेता तिरपी घेतली की लागत नव्हती. तुम्हीही ट्रायलची गाडी घरी मागवा. सगळ्यांना बसवा, फाटकावर रांगोळी टाका. पांढरं लागलं तर गाडी कोणत्याही मॉडेलची असो, आधी रॅम्प तोडून नीट करा, मग बुकिंग.

टायरमध्येही थोडा फरक आहे. डायनॅमिकला १८ इंची चाकं, वरच्या दोघींना १९ इंची. टायरची भिंत त्यामुळे सातेक मिलिमीटरने बारीक होते. वाडीच्या पुढे एखादा खड्डा अंधारात आला तर ते सात मिलिमीटर आठवतील. मे महिन्यात लांबच्या प्रवासाला निघताना हवा थंड टायरमध्ये तपासा. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे. सिमेंटचा तापलेला रस्ता आणि कमी हवा एकत्र आली की टायर कसा फुटतो ते मी बघितलंय, सांगत नाही.

आता पैसे. प्रीमियम ते परफॉर्मन्स अंतर ७ लाख ४५ हजार. या भावात २१७ अश्वशक्ती जास्त मिळते, म्हणजे एका घोड्याला साडेतीन हजारांच्या आतच. एवढा स्वस्त घोडा देशात दुसरीकडे मिळणं कठीण, हे मी मान्य करतो, आणि विकणारेही हेच सांगतात. पण कळमन्याला संत्री पेटीने घेतली की स्वस्त पडते म्हणून चार माणसांच्या घरात कोणी दहा पेट्या आणत नाही. हेच पैसे पाच वर्षांच्या कर्जावर नऊ टक्क्यांनी घेतले तर महिन्याला १५,४०० च्या वर हप्ता, शेवटी सव्वानऊ लाख गेलेले. घरी काढून बघा. आणि कोणी म्हणालं की इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावर आयकरात सूट मिळते, तर ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती. तुमच्या हातून ती गाडी सुटली.

५५ लाखांचं बजेट 'सगळं धरून' म्हणता. परफॉर्मन्स ५३.१५. त्यावर एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर), म्हणजे ५३ हजार, जो विवरणपत्रात परत वळता होतो पण आज खिशातून जातोच. उरल्या एक लाख तीस हजारांत विमा, घरचा चार्जर, त्यासाठी मीटरचा भार वाढवणं, हे सगळं बसवा. मला नाही बसवता येत. करावर मात्र तुम्ही नशीबवान. पेट्रोल गाडीला वीस लाखांच्या वर महाराष्ट्रात १३ टक्के मोटार वाहन कर लागतो, इलेक्ट्रिकला राज्याच्या २०२५ च्या धोरणात तो माफ आहे. पण सरकारचा मूड लक्षात ठेवा. त्याच वर्षी मार्चच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर सुचवला होता आणि महिना उलटायच्या आत मागे घेतला. लागला असता तर परफॉर्मन्सला तीन लाख एकोणीस हजार बसले असते. म्हणून बुकिंगच्या दिवशी चालू दर आरटीओतून स्वतः विचारून घ्या, शोरूमच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका. त्या धोरणात समृद्धीवर टोलमाफीही आहे, पण तुमचा अमरावतीचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग, तिथे टोल भरावाच लागणार.

मेहुण्याचं म्हणणं. साळेबुवा खोटं बोलत नाहीत. ब्रिटनमध्ये २०२४ च्या सुरुवातीला डिझाइन ४५,६९५ पौंड आणि एक्सलन्स ४८,६९५ पौंड असेच भाव होते. तिकडचं डिझाइन म्हणजे आपलं प्रीमियम, एक्सलन्स म्हणजे आपलं परफॉर्मन्स. पण त्या ३००० पौंडांत त्यांचा वीस टक्के व्हॅट आहे. तो काढला तर २५००, म्हणजे पौंड १०५ रुपये धरून २ लाख ६२ हजार. आपल्याकडे ही गाडी पूर्ण बांधून जहाजाने येते. अशा गाडीवर सत्तर ते शंभर टक्के आयात शुल्क बसतं, आणि ते नुसत्या गाडीवर नाही, तिच्यातल्या प्रत्येक जादा वस्तूवर. शंभर टक्के धरलं, वर ५ टक्के जीएसटी लावला, तरी साडेपाच लाखांच्या फारसा पुढे आकडा जात नाही. उरलेले दोनेक लाख कशाचे? माझं मत विचाराल तर 'टॉप मॉडेल' या दोन शब्दांचे. इथल्या माणसाला वरचं मॉडेल हवंच असतं, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. मेहुण्याला एवढंच सांगा की लुबाडणूक अर्धी सरकारी आहे.

जर्मन गाडीचा विषय थोडक्यात संपवतो, कारण तुमच्या बजेटात तो बसत नाही. चार चाकांना ताकद देणारी आणि खरोखर चालवायला गोड अशी सेडान म्हणजे बीएमडब्ल्यूची एम-३४० आय, सहा सिलिंडर, ३७४ अश्वशक्ती, चेन्नईत जुळवली जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिचा भाव ७४.९० लाख होता, त्यावर १३ टक्क्यांनी पावणेदहा लाख कर. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी चाळीस टक्क्यांवर आल्यापासून जुन्या भावपत्रकांचा उपयोग राहिला नाही. पण कितीही उतरला तरी ५५ मध्ये येत नाही. चालवणाऱ्याच्या हाताला जे कळतं त्यात ती सीलच्या पुढे आहे, हे मी खाल्ल्या मिठाला जागून सांगतो. जुनी घ्यायची असेल तर वेगळं पत्र लिहा.

गाडी कोणत्या वर्षाची आहे ते बघा, हे मात्र नीट ऐका. सीलचं छत काचेचं आहे. मार्च २०२४ मध्ये गाडी आली तेव्हा त्या काचेला आतून पडदा नव्हता. २०२५ च्या सुधारणेत विजेवर सरकणारा पडदा आला आणि एसीचा कॉम्प्रेसर मोठा केला. ज्या गावाने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश बघितलेत, तिथे हा पडदा म्हणजे चैन नव्हे. कोणी जुन्या साठ्यातली परफॉर्मन्स प्रीमियमच्या भावात देऊ लागला तर मोह होईल. नवतपात दुपारी दोन वाजता तिच्यात आईला बसवून सिव्हिल लाइन्स ते मनीषनगर एक चक्कर मारा, मोह उतरेल. त्याच सुधारणेत सस्पेन्शनही बदललं. प्रीमियमला रस्त्याच्या हादऱ्याप्रमाणे मऊ-कडक होणारे डॅम्पर मिळाले, परफॉर्मन्सला संगणकाने चालणारे. परफॉर्मन्सच्या बाजूने बोलायचंच तर हा मुद्दा मी अश्वशक्तीच्या आधी धरीन.

आईंचं तुम्ही एका शब्दात उरकलंत. गाडी बुटकी आहे आणि बॅटरीमुळे मागची फरशी वर आलेली, त्यामुळे बसल्यावर गुडघे उंच राहतात, मांडीला आधार कमी मिळतो. गुडघेदुखी असेल तर उतरताना त्रास होणार. ट्रायलला त्यांना मागे बसवून अर्धा तास फिरवा आणि उतरताना हात न देता बघा.

सुट्या भागांचंही विचारून ठेवा. माझ्या शेवटच्या वर्षांत एका परदेशातून आलेल्या गाडीची पुढची काच यायला अडीच महिने लागले होते. मालक रोज फोन करायचा, जसं काही काच माझ्याच घरी ठेवली होती. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, आयात गाड्यांचं हे असंच असतं. बंपर आणि काच नागपुरात किती दिवसांत बसवून देणार ते लेखी मागा. विमा झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारा, घ्या आणि बॅटरीच्या तळाला लागलेला मार त्यात धरला आहे का ते पॉलिसीच्या कागदात बोट ठेवून दाखवायला सांगा.

आता कंस.

तुमच्या पत्रात पाऊस आहे, रात्र आहे, सुरक्षितता आहे, आणि कंसात एक सतरा वर्षांचा मुलगा आहे. वर्षभरात तो अठराचा होईल, लायसन्स काढेल, आणि पहिल्याच आठवड्यात विचारेल, "बाबा, किल्ली देता का? फुटाळ्यापर्यंत जाऊन येतो." मागे दोन मित्र असतील. तुम्ही 'नाही' म्हणाल. दुसऱ्यांदाही म्हणाल. तिसऱ्यांदा तुम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये असाल आणि किल्ली घरी असेल. अठरा पूर्ण व्हायच्या आधी हे झालं तर कायदा तुम्हालाच धरतो, अल्पवयीनाला गाडी दिल्याबद्दल पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. पण मला कायद्याची भीती घालायची नाही. तुम्ही रोज पेशंटचं वजन बघून डोस ठरवता. वय, वजन, आधी काही घेतलंय का, सगळं विचारता. ५३० अश्वशक्ती हा कोणत्या वजनाचा डोस आहे, तेवढं तुम्हीच ठरवा. पेट्रोलच्या गाडीत इंजिन ओरडतं, गिअर बदलतो, पोराला निदान घाबरायला वेळ मिळतो. इथे आवाज नाही, पायरी नाही, पाय दाबला की झालं.

तुम्ही एकटे असता, मुलगा शिकायला बाहेरगावी असता, तर कदाचित म्हटलं असतं की घ्या परफॉर्मन्स, हौसेला मोल नसतं. हौस ही चांगली गोष्ट आहे, तिला पावसाचं कारण देण्याची गरज नाही. पण आजच्या घडीला तुमच्या घरासाठी माझं उत्तर प्रीमियम. ३१३ अश्वशक्तीही काही कमी नाही, तिचीही किल्ली कपाटातच ठेवा. उरलेल्या पैशांतून चार्जर, चांगला विमा, फाटकाचा रॅम्प आणि चिरंजीवांसाठी एक साधी जुनी हॅचबॅक, ज्यावर तो शिकेल आणि दोन-चार ओरखडे काढेल. हॅचबॅक दिल्यावर तो आठवडाभर बोलणार नाही. आमचाही बोलला नव्हता.

ट्रायलला जाल तेव्हा सकाळी जाऊ नका, दुपारी दोनला जा. एसी सुरू करून छताखाली हात धरून बघा. बुकिंगच्या कागदावर मॉडेलचं पूर्ण नाव, निर्मितीचा महिना आणि 'पडदा आहे' या तीन गोष्टी लिहून घ्या आणि मगच सही करा. आणि चिरंजीवांना मागे बसवा, मधल्या सीटवर, आजीच्या शेजारी.